भट्टीवाचून काच

पॅरिसनजीक सेव्र या गावी चिनी मातीच्या भांड्यांचा जो विख्यात सरकारी कारखाना आहे, त्याचा कारभार 1847 साली ज्याच्या हाती आला त्या झाक-जोझेफ एबेलमेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्यापूर्वी दोनएक वर्षे, सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि अल्कोहॉल यांच्या संयोगातून पाण्यासारखा निर्मळ असा एक द्रव सिद्ध केला होता. आणि तो द्रव दमट हवेत राहू दिला असता हळूहळू घट्ट होत जाऊन अखेरीस पारदर्शक, कठीण व सर्वस्वी काचेसारख्या दिसणाऱ्या घन पदार्थात परिणत होतो, हे त्याच्या दृष्टीस आले. ज्याचे अवघे आयुष्य खाणी, धातू आणि भट्ट्या यांच्या सान्निध्यात गेले, अशा माणसाच्या समोर निखाऱ्याचा स्पर्शही न होता, निव्वळ हवेतील ओलाव्याच्या हातून काच जन्मास यावी, हा योग मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत हृद्य योगांपैकी एक वाटतो. 1852 साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी एबेलमेन निवर्तला, आणि त्याचे ते निरीक्षण रसायनशास्त्राच्या दप्तरात जवळजवळ शतकभर पडून राहिले. आज काचेचे व सिरॅमिक पदार्थांचे जे कमी तापमानावरील रासायनिक संश्लेषण जगभरच्या प्रयोगशाळांतून चालते, आणि ज्याला शास्त्रज्ञ 'सॉल-जेल' पद्धती या नावाने ओळखतात, तिचे मूळ त्या दमट हवेत आहे.

काचेला अग्नी का लागतो, हे आधी पाहू. काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचे एक अवाढव्य जाळे होय. प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू, आणि प्रत्येक ऑक्सिजन अणू दोन सिलिकॉन अणूंमधील दुवा, अशी ही रचना असते. वाळूतही हेच जाळे असते. फरक एवढाच, की वाळूतल्या स्फटिकांत ते कवायतीला उभ्या राहिलेल्या पलटणीसारखे शिस्तीत असते, आणि काचेत ते अस्ताव्यस्त असते. शिस्त मोडायची तर दुवे तोडावे लागतात, आणि ते दुवे इतके बळकट असतात, की शुद्ध वाळू वितळण्यास 1700 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता द्यावी लागते. एवढे तापमान साध्या भट्टीच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे काच करणारे कारागीर फार प्राचीन काळापासून वाळूत सोडाखार मिसळून वितळबिंदू खाली आणीत, आणि सोड्यामुळे काच पाण्यात विरघळू नये म्हणून चुन्याची पुस्ती जोडीत. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात 1908 पासून, आणि पुढे कऱ्हाडनजीकच्या ओगलेवाडीत 'प्रभाकर' कंदिलाची काच जेथे घडली तेथेही, याच तत्त्वाने भट्ट्या पेटत होत्या. त्या कारखान्यांनी महाराष्ट्राला स्वदेशीचा जो अभिमान दिला, तो त्या भट्ट्यांपाशी उभे राहून घामाने निथळणाऱ्या माणसांनी मिळवलेला होता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

परंतु अग्नी भट्टीत दोन निरनिराळी कामे करीत असतो, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. एक तर तो जुनी घडण मोडतो. आणि दुसरे म्हणजे, वेगवेगळ्या जिनसांची पूड त्यात घातली असता ती एकजीव करतो. आता समजा, जुने घर पाडून त्याच्या दगडांतून नवे बांधण्याऐवजी कोणी सुटे चिरेच मिळवले आणि ते एकेक करून रचीत गेला, तर सुरुंगाची गरजच उरणार नाही. एबेलमेनच्या द्रवाने नेमके हेच केले होते. अल्कोहॉल आणि सिलिकॉन यांच्यापासून बनणाऱ्या अशा द्रवांपैकी आज सर्वाधिक वापरात असलेला जो टेट्राएथॉक्सिसिलेन, त्याच्या प्रत्येक रेणूत मध्यभागी एक सिलिकॉन अणू असतो आणि त्याच्या चारही हातांत अल्कोहॉलचा एकेक अवशेष धरलेला असतो. पाण्याशी गाठ पडताच तो अवशेष अल्कोहॉल होऊन निघून जातो आणि त्या हातात पाण्याचा एक अंश राहतो. पाण्याचा अंश धरलेले असे दोन हात समोरासमोर आले, की त्यांच्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मध्ये ऑक्सिजनचा दुवा पक्का होतो. पहिल्या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात, दुसरीला संघनन. भट्टीत जो दुवा तोडण्यासाठी सतराशे अंशांचा खटाटोप, तोच दुवा येथे खोलीच्या तापमानावर, एखाद्या काचपात्रात, शांतपणे जोडला जातो.

मराठी वाचकाला या प्रक्रियेची उपमा शोधण्यासाठी स्वयंपाकघराबाहेर जावे लागू नये. रात्री कोमट दुधाला विरजण लावले, की पहाटेपर्यंत दूध हलत नाही असे होते. पण दुधातले पाणी कोठेही गेलेले नसते. दुधात विखुरलेले अतिसूक्ष्म कण एकमेकांचे हात धरून भांड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सलग जाळे उभारतात, आणि सारे पाणी त्या जाळ्याच्या घरांतून अडकून पडते. सॉल म्हणजे दूध, आणि जेल म्हणजे लागलेले दही, असे म्हटले तर शास्त्रज्ञांची फारशी हरकत असू नये. कणांच्या या अवस्थेला 'कोलॉइड' हे नाव टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1861 साली दिले, आणि सिलिकेच्या अशा 'दह्या'तील पाणी काढून त्याजागी अल्कोहॉल भरता येते, म्हणजे जाळे आणि त्यातले पाणी या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, हेही त्यानेच 1864 साली दाखवून दिले. या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचे मोल किती होते, ते पुढे कळून येईल.

विरजण आंबट आहे की कसे, यावर दह्याची जात ठरते. येथेही तसेच आहे. मिश्रणात थोडे अम्ल घातले तर लांब, क्वचितच फाटे फुटलेल्या साखळ्या वाढतात आणि द्रव चिकट होत होत त्यातून तंतूही ओढता येतात. अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ घातला तर गच्च, गोलसर कण तयार होतात आणि मग ते कण एकमेकांस चिकटून जाळे बांधतात. पाणी किती, अल्कोहॉल किती, तापमान काय, विरजण कोणते, या चार गोष्टींच्या तजविजीवर पुढच्या साऱ्या वस्तूचे भवितव्य अवलंबून राहते.

आणि येथवर सारे सुरळीत झाले, तरी हाती आलेली वस्तू काच नव्हे. ते एक ओले, थरथरते दही आहे. त्यातून पाणी आणि अल्कोहॉल काढून टाकले पाहिजे, आणि या विद्येची खरी परीक्षा तेथे सुरू होते. माझ्या मते, सॉल-जेलची हकीकत म्हणजे वस्तुतः वाळवण्याची हकीकत आहे. भट्टीची जी दाहकता आपण टाळली असे वाटते, तिची भरपाई येथे संयमाने करावी लागते.

उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा चिखल जसा भेगाळतो, तसेच हे जेल वाळताना भेगाळते, आणि कारणही एकच आहे. जाळ्यातली छिद्रे काही नॅनोमीटर रुंदीची असतात. द्रव आटू लागला, की प्रत्येक छिद्रात त्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र होऊन बसतो, आणि पृष्ठताणामुळे तो छिद्राच्या भिंतींना आतल्या बाजूस खेचतो. छिद्र जितके अरुंद, तितकी ही ओढ प्रचंड. पाच नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याची ही ओढ हवेच्या दाबाच्या पावणेतीनशे पटींहून अधिक भरते! एवढ्या ताणाखाली ते नाजूक जाळे चोहोबाजूंनी आत ओढले जाते, आणि बाहेरचा भाग आतल्यापेक्षा आधी सुकला तर तडा जातो. म्हणून प्रयोगशाळेत जेलच्या भांड्यावर झाकण ठेवून त्याला सुईने मोजकी छिद्रे पाडतात आणि वाफ दिवसेंदिवस, क्वचित आठवडेच्या आठवडे, थोडी थोडी बाहेर पडू देतात. अशा धीराने वाळवलेला तुकडा मूळ आकारमानाच्या पाचव्या किंवा दहाव्या हिश्श्यावर येतो. त्याला 'झेरोजेल', म्हणजे शुष्क जेल, म्हणतात. ही वस्तू आपल्या परिचयाची आहे: औषधाच्या बाटलीत किंवा कॅमेऱ्याच्या खोक्यात ओलावा शोषण्यासाठी जी सिलिका जेलची पुडी घातलेली असते, ती याच कुळातली, आणि तिचे अमेरिकन पेटंट वॉल्टर पॅट्रिक या रसायनज्ञाने 1919 साली मिळवले होते. पुडीतले दाणे शोषण करतात ते अंगातल्या त्या असंख्य छिद्रांच्या बळावर. छिद्रे बुजवून खरी, सघन काच हवी असेल, तर तो तुकडा हजार-अकराशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. म्हणजे अग्नी अजिबात वर्ज्य झाला असे नव्हे. परंतु वितळवण्यासाठी लागणारे सतराशे अंश कोठे, आणि हे हजार कोठे! शिवाय येथे द्रवरूप कधी येतच नाही. छिद्रे आपोआप मिटत जातात आणि वस्तू आपला आकार सांभाळून आक्रसते.

छिद्रे मिटवण्याऐवजी जशीच्या तशी राखता येतील काय, हा प्रश्न मात्र फार दिवस कोणी विचारला नव्हता. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये असलेल्या सॅम्युएल किस्लर याने तो विचारला आणि त्याचे उत्तर 1931 साली प्रसिद्ध केले. त्याचा विचार असा: जाळे कोसळते ते द्रवाच्या पृष्ठताणामुळे, आणि पृष्ठताण असतो तो द्रव व वाफ यांच्यामध्ये सीमा असते म्हणून, तर ती सीमाच नाहीशी केली तर? प्रत्येक द्रवाला एक क्रांतिक तापमान असते, आणि पुरेशा दाबाखाली त्या तापमानापलीकडे गेले असता द्रव आणि वाफ हा भेदच संपतो. एथिल अल्कोहॉलसाठी हा बिंदू सुमारे 241 अंश आणि हवेच्या दाबाच्या साठपट असा आहे. किस्लरने सोडियम सिलिकेट आणि अम्ल यांपासून जेल केले, त्यातील क्षार धुऊन काढले, पाण्याच्या जागी अल्कोहॉल भरले, ग्रॅहॅमने दाखवून ठेवले होते अगदी तसे, आणि ते बंद पात्रात त्या बिंदूपलीकडे नेऊन मग हळूहळू वाफ सोडून दिली. पात्र उघडले तेव्हा जाळे जागच्या जागी उभे होते, आणि त्यात केवळ हवा होती. त्याने या वस्तूला 'एरोजेल' असे नाव दिले.

निळसर धुराचा एखादा गोळा गोठवून हातावर ठेवावा, तसे एरोजेल दिसते. त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवेचा असतो, आणि काही नमुन्यांत हे प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांच्याही पुढे जाते. एक ग्रॅम एरोजेलच्या अंतर्गत भिंती उलगडून पसरल्या, तर त्या सात-आठशे चौरस मीटर, म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या हिशेबाने सात-आठ गुंठे जमीन झाकतील. उष्णतेला ते जवळजवळ वाटच देत नाही, कारण घन भाग अत्यल्प, आणि छिद्रे इतकी अरुंद, की त्यांतील हवेच्या रेणूंना मोकळेपणे हिंडण्याची मुभा नसते. मंगळावर उतरलेल्या अमेरिकन गाड्यांची उपकरणे तेथील रात्रीच्या कडाक्यात ऊबदार राखण्यास याचाच उपयोग केला गेला. पण मला सर्वांत अद्भुत वाटतो तो 'स्टारडस्ट' यानाचा प्रसंग. 1999 साली निघालेले हे यान 2004 च्या जानेवारीत 'विल्ड 2' या धूमकेतूजवळून गेले, तेव्हा त्या धूमकेतूचे धूलिकण सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने त्यावर येऊन आदळत होते. कोणत्याही घट्ट पृष्ठावर असे कण क्षणार्धात वाफ होऊन गेले असते. यानावरील एरोजेलच्या विटांनी त्यांना थोड्या थोड्या अंतरात, जणू कापसाच्या ढिगात, थोपवून धरले. आणि 2006 साली ती कुपी पृथ्वीवर उतरली, तेव्हा प्रत्येक कणाने आपल्यामागे गाजराच्या आकाराचा एक बारीकसा बोगदा ठेवला होता, ज्याच्या टोकाशी तो कण सापडत असे.

किस्लरच्या रीतीत धोका होता, तोही सांगितला पाहिजे. तप्त अल्कोहॉल उच्च दाबाखाली कोंडणे म्हणजे स्फोटकाशी खेळ. 1984 साली स्वीडनमधील एका एरोजेल कारखान्यात गळतीमुळे भयंकर स्फोट झाला होता. त्यानंतर अल्कोहॉलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरून वाळवण्याची वहिवाट वाढली, कारण त्याचा क्रांतिक बिंदू अवघ्या 31 अंशांवर असतो आणि तो पेट घेत नाही. एरोजेलचे दुसरे दुखणे म्हणजे ठिसूळपणा आणि पाण्याचे भय. पाण्याचा थेंब आत शिरला, की केशाकर्षणाने जाळे कोसळते. या दोन्ही दुखण्यांवर ज्या ठिकाणी चिकाटीने उपाय शोधले गेले, त्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील 'एअर ग्लास' प्रयोगशाळेचे नाव घेतले पाहिजे. तेथे ए. वेंकटेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेट्राएथॉक्सिसिलेनऐवजी मेथिलट्रायमेथॉक्सिसिलेन हा द्रव घेतला. याच्या सिलिकॉन अणूचे चारांपैकी तीनच हात दुवे जोडण्यास मोकळे असतात. चौथ्यावर मेथिल गट कायमचा बसलेला असतो. त्यामुळे जाळे कमी गच्च होते, आणि मेथिल गटांना पाण्याचे वावडे असल्यामुळे पाणी त्यावरून अळूच्या पानावरच्या थेंबासारखे घरंगळते. 2006 साली त्यांनी या रीतीने केलेले, वाकवले तर न मोडणारे एरोजेल जगासमोर मांडले. ज्या शहराचे नाव घेताच आपल्याला गूळ, चपला आणि कुस्ती आठवते, तेथील एका प्रयोगशाळेचा उल्लेख जगभरच्या एरोजेल संशोधकांच्या लेखनात आदराने यावा, आणि मराठी वाचकाला त्याची वार्ताही नसावी, याची मला मनापासून खंत वाटते.

वाळवण्याच्या संकटातून सुटण्याचा आणखी एक मार्ग होता, तो म्हणजे वस्तू इतकी पातळ करणे, की भेग पडण्यास वावच मिळू नये. थर मायक्रॉनहून बारीक असला, तर तो केवळ जाडीत आक्रसतो आणि काचेला धरून राहतो. जर्मनीतील शॉट या काच कारखान्यातील गेफ्केन आणि बेर्गर यांनी 1939 साली याचे पेटंट घेतले. काचेचे तावदान सॉलमध्ये बुडवावे, एकसारख्या वेगाने वर ओढावे, आणि थोडे तापवावे. इतकीच ती कृती. वर ओढण्याचा वेग बदलला, की थराची जाडी बदलते. 1953 पासून मोटारींचे मागचे दृश्य दाखवणारे आरसे या रीतीने तयार होऊ लागले, आणि पुढे प्रकाशाचे परावर्तन रोखणारे थरही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परतून जातो. सौर पटलांवरच्या काचेला सच्छिद्र सिलिकेचा असा थर दिला, तर त्यातला बराच भाग आत शिरतो आणि विजेच्या हिशेबात जमा होतो.

आतापर्यंत मी एकट्या सिलिकेविषयीच बोललो. पण अग्नीचे जे दुसरे काम, म्हणजे मिसळणे, त्यातही द्रवाची ही पद्धती वरचढ ठरली. तांदूळ आणि जोंधळे कितीही वेळ एकत्र घोळले, तरी तांदळाचा दाणा तांदळाचाच राहतो. साखर आणि मीठ मात्र पाण्यात विरघळले, की त्यांचे मिश्रण रेणूरेणूंपर्यंत जाते. दोन ऑक्साइडांची पूड कितीही बारीक दळली, तरी तिच्या प्रत्येक कणात एकाच जातीचे कोट्यवधी अणू असतात, आणि ते एकमेकांत शिरण्यासाठी फार मोठी उष्णता व फार मोठी मुदत लागते. या अडचणीने त्रस्त होऊन, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात काम करणाऱ्या रुस्तुम रॉय यांनी 1950 च्या दशकात आपली सिरॅमिक मिश्रणे द्रावणातून आणि जेलमधून सिद्ध करण्यास आरंभ केला. रॉय यांचा जन्म 1924 साली रांचीचा आणि शिक्षण पाटण्याचे. शॉटच्याच हेल्मुट डिस्लिख यांनी 1971 साली अनेक घटकांची बोरोसिलिकेट काच, वितळवल्यावाचून, याच मार्गाने करून दाखवली, आणि तेव्हापासून या विद्येचा फैलाव झपाट्याने झाला.

मुंबईतील ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रातही सॉल-जेल पद्धतीने अणुइंधनाचे सिरॅमिक मणी करण्याचे काम झाले आहे, आणि तेथील हेतू निराळा होता. किरणोत्सारी पूड दळणे आणि दाबणे यांत धूळ उडते, आणि ती श्वासावाटे आत जाण्याचे भय असते. द्रव मात्र उडत नाही. म्हणून धातूचे थंड द्रावण, ज्यात उष्णता लागताच अमोनिया सोडणारा पदार्थ मिसळलेला असतो, ते थेंबाथेंबाने तापलेल्या तेलात सोडतात. झाऱ्यातून बुंदी पाडावी तसा हा प्रकार दिसतो: थेंब तेलात पडतो, गोल होतो, आतून अमोनिया सुटून तो जागच्या जागी गोठतो, आणि तळाशी येईतो त्याचा घट्ट मणी बनलेला असतो. मग ते मणी धुवून, सुकवून, भाजले, की काम झाले.

एवढे सांगून झाल्यावर, घराच्या खिडकीची काचही उद्या अशीच होईल, असा कोणाचा ग्रह झाला असेल तर तो दूर केला पाहिजे. मूळ द्रव वाळूच्या मानाने फार महाग असतात, जेल आक्रसते, आणि मोठा सलग तुकडा भेगेवाचून वाळवणे आजही कष्टाचेच आहे. बरणी, बाटली, तावदान यांच्यासाठी भट्टीच योग्य. परंतु जेथे अग्नीचा प्रवेशच नको, तेथे या पद्धतीला तोड नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक लिव्हाझ यांनी 1977 साली या साऱ्या विद्येला 'शिमी दूस', म्हणजे मृदू रसायन, असे समर्पक नाव दिले, आणि समुद्राच्या थंड पाण्यात सिलिकेची नाजूक कवचे घडवणारे डायाटम हे त्यांच्यासमोरचे आदर्श होते. 1984 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात डेव्हिड अवनीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंद्रिय रंगद्रव्ये अशा काचेत कोंडली. कोणत्याही भट्टीत त्यांची राख झाली असती. 1990 साली त्याहून पुढे जाऊन तेथे एक एंझाइम काचेत बंदिस्त करण्यात आले. एंझाइमचा रेणू मोठा असल्यामुळे तो काचेच्या छिद्रांतून बाहेर पडू शकत नाही, आणि ज्या लहान रेणूंवर त्याने काम करायचे ते मात्र त्याच छिद्रांतून सहज आतबाहेर जातात. आणि ते एंझाइम काचेच्या त्या कोठडीतही आपले काम करीत राहिले.